सुरक्षित खेळ बाजारात मिळत नाही

पालकसभांतून हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "सर, मुलांना खेळायला एखादा चांगला, सुरक्षित गेम सुचवा." प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. सुरक्षितता ही जणू डबीत बंद होऊन येते, आपण फक्त योग्य डबी निवडायची, असे आपण धरून चालतो.

डबीवरची चिठ्ठी कोण चिकटवतो, हे आधी पाहू. गूगल प्लेवर गेमखाली 3+, 7+, 12+ असे आकडे असतात. गेम करणाऱ्यानेच भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ते ठरतात. हिंसा, अश्लीलता, जुगार यांचा विचार त्यात होतो. खेळताना आपले मूल कोणाशी बोलेल, याची हमी त्यात नसते. त्याबद्दलची सूचना असलीच तर बाजूला, बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. आपल्या सीमाभागात घरी मराठी, कचेरीत कन्नड. ही तिसरी भाषा सफाईने वाचणारा अनेक घरांत एकच असतो, तो म्हणजे खुद्द मुलगा! ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्यालाच "काय लिहिलंय रे?" असे विचारायची पाळी बापावर येते.

हा दोष केवळ किरकोळ कंपन्यांचा नव्हे. 'फोर्टनाइट' हा जगभर मुलांच्या आवडीचा गेम. त्यात अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय आपोआप चालू ठेवली, मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली आणि फसव्या बटणांनी खरेदी करायला लावली, असे आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच्या कंपनीवर ठेवले. डिसेंबर 2022 मध्ये तिने 52 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. गेमचे रंगरूप मात्र अगदी बालसुलभ!

"मग सरकार काय करते?" असे कोणी विचारील. सरकारने केले नाही असे नाही. 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली. 2021 च्या जुलैत तोच खेळ नवे नाव घेऊन परतला. त्या वेळी कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा जाहीर केली : दिवसाला 3 तास खेळ आणि 7000 रुपये खर्च. शहापूर-वडगावच्या विणकराने ही 'मर्यादा' वाचावी आणि हसावे की रडावे ते ठरवावे. कर्नाटकाने 2021 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. त्यातली मुख्य कलमे उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने देशभरासाठी तसा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण त्याचा रोख पैज लावण्यावर आहे. मुलांच्या साध्या गेममधली तलवारी-टोप्यांची खरेदी आणि परक्यांशी चालणाऱ्या गप्पा त्याने थांबत नाहीत.

दुसरीकडे आमचे काही ज्येष्ठ आहेत. "मोबाईल काढून घ्या, विटीदांडू द्या," हा त्यांचा उपाय. विटीदांडू हवाच, पण विटी मारायला मोकळी जागा कोठे उरली आहे तेही त्यांनी दाखवावे. शिवाय बंदी घातलेला मुलगा शेजारच्या घरी खेळतो आणि तेथे काय घडले ते आईला सांगायला घाबरतो. खरा धोका या घाबरण्यात आहे.

म्हणून मी गेमचे नाव न सांगता तीन प्रश्न देतो. यात परक्या माणसाला माझ्या मुलाशी बोलता येते काय? खेळता खेळता पैसे मागितले जातात काय? आणि हा खेळ संपतो काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो खेळ कधी संपतच नाही, रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडते अशी भीती घालतो, तो खेळ नव्हे, ती नोकरी आहे. उदाहरणादाखल 'लीचेस' हे बुद्धिबळाचे ठिकाण पाहा : फुकट, जाहिराती नाहीत, मुलांसाठीची सोय चालू केली की गप्पा बंद, आणि मात झाली की डाव संपला.

या तीन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठी वाचून मिळत नाहीत. मुलाच्या शेजारी बसून, पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर हरूनच ती मिळतात. दमून आलेल्या माणसाला हे जड आहे, मान्य. पण मूल गप्प बसावे म्हणून फोन हातात द्यायचा आणि मग त्या गप्पपणाची तक्रार शाळेकडे घेऊन यायचे, हा कोठला न्याय?

दुकानांच्या पाट्यांवरच्या भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण जी भाषा मुलाशी संध्याकाळी बोललीच जात नाही, ती पाटीवर राहून काय करणार? मुलाच्या शेजारची जागा आपण रिकामी ठेवली, तर तेथे कोणीतरी येऊन बसतेच.