संगणक-कचेरीतील मुकादम

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची चर्चा देशभर झाली. त्याच दिवसांत गावात घडत असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. पुण्याच्या हिंजवडीत संगणक कंपन्यांमध्ये नोकरी करणारी आमची मुले टाळेबंदीमुळे घरी परतली होती आणि माजघरात लॅपटॉप मांडून रात्री एक-दीडपर्यंत काम करीत होती. काचेच्या भिंतींआड काय चालते, ते त्यांच्या आईबापांनी तेव्हा प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. बारा जणांच्या तुकडीचा प्रमुख. त्यांच्या भाषेत ‘टीम लीड’. तुकडीतील एका मुलीचे वडील त्या काळात अंथरुणाला खिळले. त्याने तिचे निम्मे काम गाजावाजा न करता स्वतःच्या अंगावर घेतले. वर्षअखेरीस गुणांकनाची वेळ आली. बारांपैकी एकाला तरी सर्वांत खालची श्रेणी दिलीच पाहिजे, असा वरचा हुकूम होता आणि कागदावर काम कमी दिसत होते ते त्या मुलीचेच. त्याने तिच्याऐवजी स्वतःचे नाव लिहून पाठविले; ते परत आले. ‘सर, मी काय करायला हवे होते?’ असे त्याने मला फोनवर विचारले. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालवूनही मला उत्तर देता आले नाही.

हल्ली या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी सहृदय नेतृत्वाची शिबिरे भरवितात. आपले कार्यकर्ते त्यांची थट्टा करतात. ती मला पुरती मान्य नाही. तंत्रज्ञांच्या तुकडीत माणूस भ्याला की तो चूक लपवितो, आणि लपविलेली चूक पुढे सर्वांनाच भोवते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना मागे ठेवून इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा पत्रकारांपुढे बोलण्यास त्यांनी कलामांना पाठविले. या प्रसंगाचे गोडवे सर्वच व्यवस्थापन-गुरू गातात. मात्र धवन संस्थेचे अध्यक्ष होते, ती संस्था सार्वजनिक होती आणि दर तीन महिन्यांनी भागधारकांना नफा दाखविण्याचे बंधन तिच्यावर नव्हते, एवढे सांगायचे ते विसरतात. धवनांच्या मोठेपणाला हात घालण्याची जागा होती. माझ्या विद्यार्थ्याला ती नाही.

त्याचे खरे पूर्वज शोधायचे तर मुंबईच्या कापड गिरण्यांत जावे लागेल. तेथला मुकादम, म्हणजे जॉबर, आपल्या मुलखातील माणसे कामावर लावी, अडीनडीला उसने पैसे देई. कामगाराला तो आपला वाटे. पण कामावर ठेवण्याची दस्तुरीही तोच घेई आणि साहेबाच्या वतीने काम पिळून घेणाराही तोच असे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली, ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. मुकादमाची माया खोटी होती असे नव्हे. ती त्याच्या मर्जीवर होती, हा तिच्यातला दोष.

आजचा टीम लीड दस्तुरी घेत नाही, आणि मुकादमाइतकी सत्ताही त्याच्या हाती नाही. कायद्याने तर त्याला अधांतरीच ठेवले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नाही. म्हणजे माणसांशी माणुसकीने वाग, असे ज्याला शिबिरात शिकविले जाते, त्याच्याच पाठीशी कायद्याचे संरक्षण नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या पदांवरील माणसे असतील, असे कंपनीनेच सांगितले. ज्याची स्वतःची खुर्ची हलते आहे, त्याने दुसऱ्यासाठी किती काळ उभे राहावे? त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे रोजचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. टीम लीडने तुकडीला वेळेवर घरी सोडावे म्हटले, तर आता ती वेळच पुढे सरकणार.

माझ्या विद्यार्थ्याला आज मी एवढेच सांगेन की, त्याचे वागणे बरोबर होते, पण ते त्याने एकट्याने करायचे काम नव्हते. आजारी बापाजवळ राहण्याची रजा हा त्या मुलीचा हक्क हवा होता. बारांतला एक नालायक ठरविण्याचा हुकूम नाकारण्याइतके बळ बाराही जणांच्या संघटनेत हवे होते, आणि त्या संघटनेत तेरावा म्हणून त्यालाही जागा हवी होती. येथे दोष आपलाही आहे. ‘लाखांनी पगार घेणारे हे बाबू कसले श्रमिक!’ असे म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरविली. आणि पर्यवेक्षक म्हणजे मालकाचा माणूस, हे गिरणीच्या काळचे समीकरण तसेच जपून ठेवले.

दिवाळीला ही मुले लोणारला येतात. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी, भाषणे करू नयेत, त्यांचे ऐकावे. आणि टीम लीड असतील त्यांनाही बोलवावे. माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले आहे. तो येतो म्हणाला. आपले नाव मात्र कोठेही छापू नये, अशी त्याने अट घातली आहे.