यंत्र शब्द शोधते, रोग नव्हे

गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीतली गोष्ट. ओझरजवळच्या मळ्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय पंचावन्नच्या आसपास, मधुमेह जुना. सकाळी बागेतच त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. मुलाने मोबाईलवर ‘छातीत जळजळ उपाय’ असे शोधले. पहिल्याच पानावर थंड दूध, जिरे, बडीशेप असे उपाय होते. ते सगळे करून झाले. संध्याकाळी दरदरून घाम सुटला तेव्हा त्यांना माझ्याकडे आणले. ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका! तातडीने नाशिकला हलवले आणि जीव वाचला. पण दिवसभरात हृदयाच्या स्नायूंचे झालेले नुकसान भरून येणारे नव्हते. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, सगळ्यात वर तेच आलं होतं, म्हणून वाटलं बरोबर असेल.”

‘वर आले म्हणजे बरोबर’ या समजुतीबद्दल आज लिहायचे आहे.

गुगलसारख्या शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा पाने गोळा करण्याचा. त्याचा संगणकीय कार्यक्रम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर असा सतत फिरत असतो. दुसरा टप्पा सूचीचा. जाड ग्रंथाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची असते, तशीच ही अवाढव्य सूची. आपण शोधतो तेव्हा यंत्र जगभर धावत नाही, ते ही आधीच तयार असलेली सूची उघडते. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा.

हा क्रम कसा लागतो? ओझर टाऊनशिपमध्ये नव्याने राहायला आलेला माणूस डॉक्टर कसा शोधतो ते पाहा. तो चार जणांना विचारतो, आणि ज्याच्या शब्दाला मान आहे त्याची शिफारस अधिक धरतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगल सुरू केले, ते याच कल्पनेवर. एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली की ती शिफारस समजायची, आणि ज्या पानाची स्वतःची शिफारस मोठी, त्याच्या शिफारशीला वजन जास्त. आज याखेरीज शब्दांचा मेळ, मजकुराचा ताजेपणा, भाषा, शोधणाऱ्याचे ठिकाण अशा अनेक गोष्टी मोजल्या जातात. ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या ओळी मात्र पैसे भरून दिलेल्या जाहिराती असतात, हे ध्यानात ठेवावे.

आता त्या मुलाच्या शोधाकडे वळू. त्याने ‘जळजळ’ आणि ‘उपाय’ विचारले, यंत्राने जळजळीचे उपाय दिले. त्यात यंत्राची चूक नाही. पण वडिलांना मधुमेह आहे का, घाम येतो का, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकते का, हे त्याने विचारले नाही. दवाखान्यात आम्ही उत्तर देण्याआधी तेच विचारतो. २०२४ पासून यादीच्या वर यंत्राने स्वतः जुळवलेला सारांशही दिसू लागला आहे. तोही रोग्याची नाडी पाहून लिहिलेला नसतो.

दुसरी बाब आम्हा डॉक्टरांना लागू आहे. आरोग्यासारख्या विषयात विश्वासार्ह पानांना आपण अधिक वजन देतो, असे गुगल सांगते. पण तसे पान त्या भाषेत कोणी लिहिलेले असेल तरच ते वर येणार! इंग्रजीच्या मानाने मराठीत वैद्यकीय माहितीची चांगली पाने फार थोडी. स्पर्धाच नसेल तर सुमार पानही पहिले येते. मराठी विश्वकोश इंटरनेटवर आला, मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांनी उभा केला. आम्ही डॉक्टर मात्र ‘नेटवर वाचून येता कशाला?’ म्हणून रोग्यांवर डाफरतो आणि स्वतः मराठीत चार ओळी लिहीत नाही. मीही याला अपवाद नाही.

तेव्हा वाचकहो, जरूर शोधा. निदान झाल्यावर आजार समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचे ते ठरवायला शोधयंत्र उपयोगी आहे. पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले, तेथे काही विकायला ठेवले आहे का, एवढे पाहून घ्या. परंतु छातीत दाब किंवा जळजळ, धाप, घाम, अचानक तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर मोबाईलवर एकच गोष्ट करा : १०८ क्रमांक फिरवा. मधुमेह्याच्या घरात तर हे भिंतीवर लिहून ठेवा. अशा वेळी पहिले पान वाचण्यापेक्षा पहिला तास वाचवणे महत्त्वाचे.