समजलं का?

परवा धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, शिकवण्यात पंचवीस वर्षं गेली, आता स्वतःचीच शूटिंग कशाला करतोयस?" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून ही नोंद.

तर झालं असं. आमची शाळा भूम तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. चौथीचा वर्ग, भागाकार चालू होता. खिडकीत मोबाईल टेकवून मी माझाच तास रेकॉर्ड केला आणि रात्री एकट्यानं बघितला. काय दिसलं? सुटलेलं पोट, आणि दर दोन वाक्यांनंतर माझं "समजलं का?" त्यावर पोरांचं एका सुरात "होऽऽ". जरा लाज वाटली, पण तास एकूण बरा झाला असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या शाळेच्या बाईंना सोबत बसवलं. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी शेरा मारला नाही. एका जागी रेकॉर्डिंग थांबवून एवढंच विचारलं, "सर, इथं विचार कोण करतंय?"

तीनदा बघितल्यावर दिसलं. शेवटच्या रांगेतली पोरगी, आईबापाबरोबर ऊसतोडीहून नुकतीच परतलेली. बोटांवर मोजत होती, ओठ हलत होते. तिचा हात अर्धा वर आला, तोवर पुढच्या रांगेतल्या पोरानं उत्तर दिलं आणि मी फळ्याकडे वळलो. बाईंनी मोजलं. मी दोन सेकंदही थांबलो नव्हतो.

ही खोड माझ्या एकट्याची नाही म्हणा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की गप्प मुलंही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं.

उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवमध्ये) डी.एड. करताना आम्ही सूक्ष्म अध्यापन केलं होतं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं ऐकून घ्या, बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग परत सहा आणि सहा. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. तिथं व्हिडिओ होता, आमच्याकडे निरीक्षणाचे तक्ते. गुण मिळाले, वही जमा केली, विसरलो. नोकरीत उरली ती फक्त तपासणी.

माझं मत विचाराल तर, रेकॉर्डिंगमध्ये माणूस आधी स्वतःचं तोंड बघतो. नजर वर्गाकडे वळवायला शेजारी कुणीतरी लागतं. मात्र तो साहेब नको. ज्या दिवशी असं रेकॉर्डिंग वरून मागवतील, त्या दिवशी मी हुशार पोरं पुढे बसवून तास सजवीन. खोटं कशाला बोलू? बघून झालं की पुसून टाकायचं. त्यात लेकरांचे चेहरेही असतात.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, ८४ भागिले ७. मनात पाचपर्यंत मोजलं. ती शांतता फार जड गेली. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "अकरा."

उत्तर बारा. पण मी म्हटलं, "कसं काढलंस गं?" ती सांगत गेली आणि मध्येच थांबून हसली. चूक तिची तिलाच सापडली होती.

"समजलं का?" विचारायची गरजच पडली नाही.

असो. तुमच्या कामाचं रेकॉर्डिंग बघायचं झालं, तर शेजारी कुणाला बसवाल?