आळसाचा आळ

लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये जुलै 2024 पासून लागू झाले आणि तेव्हापासून एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: फुकटच्या पैशानं लोक आळशी झाले, कामाला माणूस मिळेना. तक्रार करणाऱ्यांत कष्टानं शेती करणारी माणसंही आहेत, म्हणून ती नीट तपासली पाहिजे.

1500 रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. चार तोंडांच्या घरात पन्नास रुपयांवर कुणी हातपाय पसरून बसू शकत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या, तेव्हाही मदतीमुळे लोकांनी काम सोडल्याचा ठोस पुरावा सापडला नाही.

मग माणूस मिळेना, हे खोटं का? खोटं नाही, अर्धवट आहे. पडेल त्या मजुरीत, म्हणाल त्या वेळी येणारा माणूस कमी झाला असेल, तर त्यात वाईट काय? ऊसतोडीकडे पाहा. बीडकडच्या गावांतून तोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपते, आणि मग ती फिटेपर्यंत तोडायचं. बाई आजारी पडली तर खाडा धरला जातो. पहाटे फडात शिरायचं, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री कोपीत चूल पेटवायची. अशा बाईच्या हाती महिन्याला थोडे हक्काचे पैसे असले आणि तिनं उचल कमी घेतली, तर ती आळशी झाली असं म्हणवतं तरी कसं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: तिजोरीला हे झेपणार कसं? खात्यात पैसे टाकले की सरकारचं काम संपलं, असं मानणाऱ्यांशी माझंही भांडण आहे. पण तिजोरीच्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानं एकदा दिलेलं आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पगारातून आजही कापला जातो तोच हा कर. जेवढी रक्कम त्यातून जमेल तेवढीच सरकारनं स्वतःची घालायची, अशी तरतूद होती. म्हणजे पैसा उभा करता येतो. इच्छा असली तर.

त्या योजनेवरही हाच आळ होता: खड्डे खणा आणि बुजवा. खोटी हजेरीपत्रकं भरली गेली, रखडलेल्या मजुरीसाठी बायकांना मोर्चे काढावे लागले, हे खरंच. पण पाझर तलाव, बांधबंदिस्ती, गावरस्ते याच हातांनी झाले. 1990 मध्ये हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत डाळिंब, आंबा, बोर उभं राहिलं. त्याच्या घरात पुढच्या पिढीला पुरेल अशी मत्ता आली. संधी मी याला म्हणतो.

म्हणून रोख मदत बंद करा हे जितकं चूक, तितकंच तेवढ्यावर थांबणंही. मदतीबरोबर काम हवं, तेही मुकादम उचल वाटत फिरायला लागण्याआधी गावात सुरू झालेलं, आणि आठवड्याच्या आठवड्याला मजुरी देणारं. जे तरीही फडावर जातील, त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह पहिली टोळी निघायच्या दिवशी उघडं असलं पाहिजे. ते महिनाभरानं उघडलं तर तोवर पोर आईबापांबरोबर गेलेलं असतं आणि शाळेच्या पटावर नुसतं नाव उरतं. व्यवसाय कर भरणाऱ्या प्रत्येकानं या दोन तारखांचा जाब आपल्या आमदाराला विचारावा.