वेगमापक कॅमेरे आणि लोकमत

वेगमापक कॅमेरे ही वेगमर्यादा ओलांडणारी वाहने स्वयंचलित पद्धतीने टिपून त्यांच्या मालकांवर दंडाची कारवाई करणारी यंत्रणा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले गेले. तरीही या यंत्रणेविषयी समाजात मतभेद आहेत.

कायदेशीर तरतूद

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने कलम १३६अ समाविष्ट करून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला. कलम १८३ नुसार अतिवेगासाठी हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. २०२१ च्या नियमांनुसार कॅमेऱ्याच्या क्षेत्राची सूचना देणारे फलक लावणे आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून एकात्मिक वाहतूक व्यवस्थापन प्रणाली कार्यान्वित झाली. एकाच ठिकाणी वेग मोजणारा कॅमेरा दिसताच चालक वेग कमी करतात व पुढे पुन्हा वाढवतात. यावर उपाय म्हणून दोन ठिकाणांमधील अंतर पार करण्यास लागलेल्या वेळेवरून सरासरी वेगही काढला जातो.

या मार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किमीची मर्यादा असून बोरघाटात ती बरीच कमी होते. तेथे मर्यादा अचानक बदलते, अशी चालकांची तक्रार असते. ई-चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघत असल्याने चालकाच्या चुकीचा भार मालकावर पडतो, असा व्यावसायिक वाहतूकदारांचा आक्षेप आहे. ई-चलनाविरोधात माल वाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये संप पुकारला होता.

अन्य देशांतील अनुभव

ब्रिटनमध्ये २००० ते २००७ या काळात दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागवण्याची मुभा स्थानिक यंत्रणांना होती. त्यामुळे कॅमेरे सुरक्षेसाठी नसून महसुलासाठी आहेत, या टीकेला बळ मिळाले. कॅमेरे पिवळ्या रंगात ठळक दिसावेत, अशी अट तेथे घालण्यात आली होती. फ्रान्समध्ये जुलै २०१८ मध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरील मर्यादा ताशी ९० वरून ८० किमी करण्यात आली. त्यानंतरच्या ‘पिवळी जाकिटे’ आंदोलनात कॅमेऱ्यांची व्यापक मोडतोड झाली. जानेवारी २०१९ मध्ये गृहमंत्र्यांनी सुमारे ६० टक्के कॅमेरे बाधित झाल्याचे सांगितले.

परिणामकारकता आणि स्वीकृती

कोक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात कॅमेऱ्यांच्या परिसरातील प्राणघातक व गंभीर इजेच्या अपघातांत ११ ते ४४ टक्के घट आढळली. मात्र समाविष्ट अभ्यासांचा दर्जा मध्यम असल्याचेही त्यात नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार सरासरी वेग एक टक्का वाढल्यास प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो.

अतिवेग धोकादायक असल्याचे बहुतेक चालक तत्त्वतः मान्य करतात, परंतु स्वतःचा थोडा वाढीव वेग त्यांना गुन्हा वाटत नाही. त्यामुळे विरोधाचा रोख वेगमर्यादेच्या तत्त्वापेक्षा अंमलबजावणीच्या न्याय्यतेवर अधिक असतो. मर्यादेमागील कारण, स्पष्ट फलक, वेळेवर मिळणारी नोटीस, हरकत नोंदवण्याची सोय आणि दंडाच्या रकमेचा विनियोग या बाबींवर यंत्रणेची स्वीकृती मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते.