कॅमेरा पाहतो, पण पाहणारा कोण?

अमेरिकेतील नेवार्क विमानतळावर ३ जानेवारी २०१० रोजी एक इसम बाहेर पडण्याच्या मार्गाने उलटा आत शिरला. तो घातपाती नव्हता; मैत्रिणीचा निरोप घेण्यासाठी गेला होता. त्याचा माग काढण्यासाठी चित्रमुद्रण तपासू गेले, तेव्हा असे आढळले की, सुरक्षा यंत्रणेचे कॅमेरे चालू असले तरी मुद्रण होतच नव्हते. अखेर एका विमान कंपनीच्या कॅमेऱ्यांचा आधार घ्यावा लागला. दरम्यान विमानतळाचा तो विभाग सुमारे सहा तास बंद राहिला आणि हजारो प्रवाशांची तपासणी नव्याने करावी लागली.

ही घटना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. विमानतळाच्या सुरक्षेचा विषय निघाला, की कॅमेऱ्यांची संख्या सांगून समाधान मानण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. परंतु कॅमेरा हा मूलतः साक्षीदार आहे. रखवालदाराचे काम त्याच्यावर सोपविले की फसगत ठरलेली. ११ सप्टेंबर २००१ रोजी वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळावर अपहरणकर्ते तपासणीतून जात असतानाचे चित्रण कॅमेऱ्याने केले होते. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत धातुशोधक यंत्राने इशाराही दिला होता. तरीही त्यांना पुढे सोडण्यात आले. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर तपासणीच्या जागी कॅमेरेच नव्हते. विमाने दोन्ही ठिकाणांहून सुटलेली पळविली गेली. फरक पडला तो एवढाच, की डलेस येथे काय चुकले हे चौकशी आयोगाला मागाहून पाहता आले, आणि बॉस्टनच्या बाबतीत ते आले नाही.

मागाहून पाहता येणे हाही लाभ थोडा नव्हे. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले, तेव्हा सामानाच्या गाड्या ढकलीत चाललेल्या तिघांचे चित्र कॅमेऱ्यामुळेच हाती आले, आणि निसटलेल्या तिसऱ्याचा शोध त्याच्या आधारे घेता आला. दैनंदिन कारभारात तर कॅमेऱ्याचा उपयोग निर्विवाद आहे. रांग कोठे तुंबली, विमानाला शिडी केव्हा लागली, सामान उतरण्यास विलंब का झाला, हे त्यामुळे कळते. स्वीडनमधील ओर्नशोल्ड्स्विक विमानतळाची हवाई वाहतूक २०१५ पासून सुंड्स्वाल येथील दूरस्थ केंद्रातून कॅमेऱ्यांच्या साह्याने नियंत्रित होऊ लागली. २०२१ मध्ये लंडन सिटी विमानतळानेही तोच मार्ग पत्करला. मात्र तेथे पडद्यासमोर प्रशिक्षित नियंत्रक असतो, आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती असतो. यशाचे मर्म त्यात आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता अडचण येथेच येते. कॅमेरा हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, आणि त्याचे उद्घाटनही करता येते. पडद्यासमोर बसणारा माणूस, त्याचे प्रशिक्षण, त्याची विश्रांती आणि यंत्राची देखभाल हा आवर्ती खर्च. तो दरमहा करावा लागतो आणि कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून पहिला खर्च उत्साहाने होतो आणि दुसऱ्यात काटकसर होते. एकाच माणसासमोर पडदे वाढवीत नेले, तर त्याचे लक्ष विभागत जाते आणि वाढीव कॅमेऱ्याचा उपयोग शून्याकडे झुकू लागतो.

भारतातील सुरक्षाव्यवस्थेचा इतिहासही वरातीमागून घोडे या न्यायाचाच आहे. १९७६ च्या विमान अपहरणानंतर १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभाग उभा राहिला. १९८५ च्या कनिष्क दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, तो स्वतंत्र झाला. आणि १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर २००० मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळांची जबाबदारी सोपविण्यास आरंभ झाला. या सुरक्षेसाठी १ जुलै २०१९ पासून प्रवाशाच्या तिकिटातूनच विमान सुरक्षा शुल्क वसूल केले जाते. जो पैसे मोजतो, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

तो हिशेब केवळ रुपयांचा नाही. डिसेंबर २०२२ पासून 'डिजियात्रा' योजनेखाली चेहऱ्यावरून प्रवाशाची ओळख पटविली जाऊ लागली आहे. योजना ऐच्छिक आहे आणि तिने वेळ वाचतो, हे खरे. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला असताना, २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र सरकारला दिली आहे. ज्या कामासाठी चित्रण झाले, त्याच कामासाठी ते वापरले जाईल, याची हमी अशा स्थितीत कोण देणार?

तेव्हा कॅमेरे किती, या प्रश्नाऐवजी वेगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. मुद्रण चालू आहे की नाही, हे कोण आणि किती वेळा तपासतो? पडद्यासमोर पुरेशी माणसे आहेत काय? चित्रण किती दिवस ठेवले जाते, आणि ते कोणाच्या आज्ञेने पाहता येते? सुरक्षेचे तपशील गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. नियम गुप्त ठेवण्याचे कारण नाही. प्रवाशावर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवर नजर ठेवणारा कोणी नसेल, तर नेवार्कप्रमाणे कॅमेरे चालू राहतील आणि ऐन वेळी हाती काहीच लागणार नाही.