सनबर्नला जाणाऱ्या पोरांना नावं ठेवण्याआधी

डिसेंबर जवळ आला की वाद ठरलेला. पोरगं म्हणतं, एकदा अनुभव घ्यायचाय, सनबर्नला जातो. बाप म्हणतो, संस्कृती बुडाली!

इलेक्ट्रॉनिक संगीताचा हा फेस्टिव्हल २००७ ला गोव्यात सुरू झाला, २०१६ ला पुण्यात आला, मग परत गोवा, २०२५ ला मुंबईत शिवडीला. आता तर होटगी रोडवरनं गोव्याचं विमानही सुरू झालंय. जाणारे जाणारच. मला त्यात वावगं वाटत नाही. नशेची भीती खरी आहे, त्यावर घरात मोकळं बोला. पण पोरगं तिकीट काढून, स्वतःच्या मर्जीनं कान देतंय.

तोच बाप मंडळाच्या डीजेला वर्गणी देतो, त्याचं काय? तिथं कुणाला विचारलं जातं? दवाखान्यातनं कालच घरी आलेली म्हातारी, तान्हं बाळ, परीक्षेचं पोरगं, सगळ्यांनी ऐकायचं. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, हा नियम २००० सालचा. आपल्याकडं मांडणीवरची भांडी खाली येतात राव.

धारगळचे गावकरी २०२४ ला याच सनबर्नविरुद्ध हायकोर्टात गेले. त्यांनी कुठं तिकीट काढलं होतं? त्यांचं दुखणं आणि आपल्या गल्लीतल्या म्हातारीचं दुखणं एकच. सोलापुरातही २०२५ ला लोक डीजेविरोधात बोलायला लागलेत, हे बरं झालं.

यंदा मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की पैसे काढण्याआधी विचारा, डीजे लावणार का?